मीठ पाणावलं की डबे उघडू नयेत

मैत्रिणींनो, आजच्या लेखाची सुरुवात मी चिरुटांपासून करणार आहे. तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय? घरगुती सल्ल्याच्या पानावर चिरूट कशाला? पण थोडा धीर धरा. चिरुटांवरून निघालो तरी पोचणार आहोत ते आपल्याच फडताळातल्या पापडाच्या, हळदीच्या आणि सुक्या बोंबलांच्या डब्यापाशी.

माझं माहेर डहाणू तालुक्यातलं वरोर. वाणगाव स्टेशनला उतरायचं, चिंचणीवरून पुढे जायचं, की गाव येतं समुद्राला टेकलेलं. हिवाळ्यात गेलं तर गाव दिसायच्या आधी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. आम्हां माहेरवाशिणींना तो वास आला की पोचल्यासारखं वाटतं. बरोबरच्या जावईबुवांनी नाकाला रुमाल लावला तरी आम्ही तिकडे पाहत नाही!

तर झालं असं. माझा चुलतभाऊ बोटीवर नोकरीला आहे. मे महिन्यात रजेवर आला तेव्हा त्यानं काकांसाठी पंचवीस चिरुटांची एक सुरेख लाकडी पेटी आणली. आता काका आयुष्यात विडीलासुद्धा शिवलेले नाहीत. पण पेटीचा थाट पाहून त्यांनी ठरवलं, की तुळशीच्या लग्नानंतर धाकटीचं कार्य आहे, तेव्हा व्याह्यांपुढे ही पेटी ठेवायची. पेटी गेली लोखंडी कपाटात, कुलपाच्या आत. मात्र आल्यागेल्याला दाखवायची हौस! शेजारी आले, काढ पेटी. मास्तर आले, उघड झाकण. सारा पाऊस हेच चाललं.

नारळी पौर्णिमेला मी गेले होते. काकांनी मोठ्या कौतुकानं पेटी उघडली आणि बघतात तो काय, चिरुटांवर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी! काही फुगून उकललेले, दोघांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि तळाशी तपकिरी भुगा. काकांचा चेहरा पाहवेना. त्याच दिवशी दुपारी काकीनं तिच्या सुक्या बोंबलांचा डबा उघडला. बोंबील कसे, कटकन मोडणारे.

काका म्हणाले, "अगं, माझ्या चिरुटांना बुरशी आणि तुझ्या बोंबलांना काहीच नाही?"

काकी म्हणाली, "तुमच्या पेटीला तुम्ही रोज हवा दाखवलीत. मी माझ्या डब्याला पावसाची हवा दाखवतच नाही."

मैत्रिणींनो, साठवणीचं सगळं शास्त्र काकीच्या या एका वाक्यात आहे. आज तेच जरा उकलून सांगते.

पावसाळ्यात जिन्नस खराब झाला की आपण म्हणतो, "कुठून तरी पाणी लागलं असेल." आणि छप्पर, खिडकी, नळ तपासत बसतो. पाणी बहुतेक वेळा हवेतूनच येतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी एक खोली धरा. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के. पावसाळ्यात कोकणपट्टीला ही नेहमीचीच. अशा खोलीतल्या नुसत्या हवेत सुमारे ७०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानं असतं. म्हणजे पाऊण लिटरच्या जवळपास! दिसत नाही, हाताला लागत नाही, पण असतं.

आणि रात्री काय होतं पाहा. तीच हवा गार होऊन २६ अंशांवर आली की तिची आर्द्रता होते १०० टक्के. गार हवेला तेवढी वाफ धरवत नाही. मग भिंतीला, लोखंडी कपाटाला, पत्र्याच्या डब्याला घाम फुटतो. काकांचं कपाट होतं पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला चिकटून. कुलूप चोराला अडवतं हो, वाफेला नाही.

आता दुसरी गोष्ट. तंबाखू, पापड, मसाला, सुके मासे, सुपारी, हे सगळे वाळवलेले जिन्नस आहेत आणि वाळवलेल्या जिन्नसाला तहान असते. भोवतीची हवा ओली असेल तर तो तिच्यातलं पाणी ओढतो. हवा कोरडी असेल तर आपलं पाणी सोडतो. दोघांची बरोबरी होईपर्यंत ही देवघेव चालूच राहते. डब्यात हवा थोडी असेल आणि झाकण घट्ट असेल, तर देवघेव लवकर संपते आणि जिन्नस सुखात राहतो. झाकण रोज उघडलं, की रोज नवी ओली हवा आत, रोज नवी देवघेव. पेटीचं नेमकं हेच झालं.

पण मग सगळंच खडखडीत कोरडं ठेवावं का? नाही. इथे आपला पानाचा डबा आठवा. विड्याची पानं आपण ओल्या फडक्यात ठेवतो, नाहीतर ती सुकून कुरकुरीत होतात. सुपारी मात्र कोरड्या खणात, नाहीतर तिला बुरशी धरते. डबा एकच, पण ज्याचा त्याचा ओलावा वेगळा. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. डबा करणाऱ्यानं खणच तसे केले होते आणि बायकांनी ते तसे वापरले.

चिरुटाचं गणित या दोन्हींच्या मधलं. तो अख्ख्या पानांचा वळलेला असतो. चिरूट हा शब्दच मुळी तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून आला, म्हणजे गुंडाळलेलं. इंग्रजी अमलात तिरुचिरापल्लीचे चिरूट प्रसिद्ध होते. फार सुकला तर वरचं पान तडकतं, सुवास उडून जातो. फार ओलावला तर फुगतो, उकलतो आणि बुरशी धरतो. म्हणून शौकीन लोक तो ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत आणि २० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यासाठी खास लाकडी पेट्या असतात. त्यांच्या लाकडाला 'स्पॅनिश सिडार' म्हणतात, पण ते झाड ना स्पेनचं, ना देवदाराच्या जातीचं. ते आहे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं! आपण धान्यात कडुनिंबाचा पाला घालतो, त्यांनी नात्यातल्या झाडाची पेटीच केली. म्हणजे काकांची पेटी चांगलीच होती. पण वरोरच्या जुलैत ८०-८५ टक्क्यांची हवा रोज आत घेतल्यावर बिचारी पेटी काय करणार?

(चिरूट ओढावा असं मी सांगत नाही, हे उघडच आहे. चिरूट, विडी, तपकीर किंवा अजूनही काही घरांतून दात घासायला वापरली जाणारी मिश्री, तंबाखू कोणत्याही रूपात आला तरी कर्करोगाला बोलावणं करतो. घरात कुणी मिश्री लावत असेल तर हे वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.)

आता येते मिठाची गोष्ट. ती मात्र गाठीला बांधून ठेवा.

हवेतला ओलावा मोजायचं एक लहानसं यंत्र मिळतं, आर्द्रतामापक. चिरुटांचे शौकीन ते पेटीतच ठेवतात. पण यंत्र खरं सांगतंय की नाही, हे कसं पारखायचं? त्यासाठी ते लोक वापरतात आपलं स्वयंपाकाचं मीठ! बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर थोडे थेंब पाणी टाकून दाटसर ओलं करायचं, पण विरघळू द्यायचं नाही. ते बूच आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा ७५ वर असला पाहिजे. कारण ओल्या मिठावर कोंडलेली हवा नेहमी ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. तुमच्या घरी असं यंत्र असेल तर आजच पाहा.

याचीच दुसरी बाजू आपल्या कामाची. बाहेरची हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली, की उघडं मीठ तिच्यातलं पाणी ओढून पाणावतं. आणि बहुतेक बुरशींना वाढायला हवी असते ७० टक्क्यांच्या वरची हवा. म्हणजे मीठ पाणावलं, की बुरशीचे दिवस आले! काकी चुलीजवळच्या फळीवर करवंटीत खडे मीठ ठेवते. सकाळी बोट लावून बघते. खडे ओले लागले तर त्या दिवशी साठवणीच्या कोणत्याही डब्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. खडे मीठ का? तर समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात. ते शुद्ध मिठाच्या कितीतरी आधी पाणी ओढतात. त्यामुळे इशारा लवकर मिळतो. पुडीतलं बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात काही घातलेलं असतं, त्याचा भरवसा धरू नका.

आता त्या टाचणीएवढ्या भोकांकडे वळू. ती करणारा असतो दोन-तीन मिलिमीटरचा एक तांबूस भुंगेरा. त्याला तंबाखूचा भुंगेरा म्हणतात, पण नावावर जाऊ नका. हळकुंडं, सुंठ, धणे, लाल मिरच्या, सुके मासे, त्याला सगळं चालतं. हळदीच्या डब्यात भोकं पडलेली हळकुंडं आणि पिवळा भुगा तुम्ही पाहिला असेल, तो याचाच प्रताप. अंडी जिन्नसाबरोबरच घरात येतात आणि उबदार, दमट हवेत दोनेक महिन्यांत त्यांचे भुंगेरे होतात. मे महिन्यात आलेल्या पेटीला श्रावणात भोकं पडली ती अशी.

यावर उपाय थंडीचा. चिरुटांचे मोठे कारखानदार माल गोठवून घेतात. आपण फ्रीजच्या बर्फाच्या खणात हळकुंडं, धणे किंवा रवा आठवडाभर ठेवू शकतो. मात्र जिन्नस आधी पूर्ण कोरडा हवा आणि पिशवी घट्ट बंद हवी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीइतकी कोमट होऊ द्या, मगच उघडा. नाहीतर गार जिन्नसावर हवेतलं पाणी जमेल आणि किडा मारून बुरशीला आमंत्रण दिल्यासारखं होईल.

आता थोडं माझ्याविषयी सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

लग्नानंतर मी शहरात आले. काकी दर वर्षी मृगाच्या आधी मला बोंबील पाठवायची. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि तेव्हा आमच्याकडच्या घरांना आधार असतो तो सुक्या मासळीचाच. ते बोंबील करायला किती कष्ट असतात हे मी लहानपणी पाहिलंय. ताज्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं. दहा किलो ओले बोंबील वाळवले तर हाती येतात जेमतेम दीड किलोच्या आसपास. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांवर टाकायचे, दिवसभर कावळ्यांवर लक्ष ठेवायचं, दवाला जपायचं. काकीच्या बोटांना त्या दातांचे ओरखडे कायमचे असत.

एका वर्षी मी ते बोंबील आले तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्हाणीघराच्या भिंतीलगतच्या माळ्यावर टाकले. जुलैत काढले तर लिबलिबीत, वर हिरवट-पांढरी साय. मला वाटलं, एवढे कष्टाचे बोंबील टाकायचे कसे? फडक्यानं पुसले, गच्चीत दोन दिवस ऊन दाखवलं, छान कडक झाले. तळायला तेल तापवलं. नेमकी काकी त्या दिवशी आलेली. तिनं एक बोंबील नाकाशी नेला, काही न बोलता सगळी पिशवी उचलली आणि कचऱ्यात टाकली.

मला रडू आलं. म्हटलं, "काकी, तुझ्याच हातचे होते गं!"

ती म्हणाली, "माझ्या हातचे होते म्हणूनच टाकले, बाय. तुझ्या पोरांच्या पोटात जायला नकोत."

तिचं किती खरं होतं हे मला पुढे वाचनातून कळलं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पाऊस होऊन मका भिजला, त्याला बुरशी आली. गरीब आदिवासी घरांनी तोच मका खाल्ला. सुमारे ४०० माणसांना काविळीसारखा आजार झाला आणि त्यांतली शंभरावर दगावली. कारण होतं बुरशीनं तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष. ते यकृतावर घाला घालतं. बुरशी पुसली तरी ते जिन्नसात उरतं. उन्हानं जात नाही. शिजवण्या-तळण्यानंही पुरतं नष्ट होत नाही. प्रत्येक बुरशीत ते असतंच असं नाही. पण कोणतीत आहे आणि कोणतीत नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, बुरशी आलेले शेंगदाणे, मका, मिरच्या, खोबरं, सुके मासे पुसून, धुऊन, भाजून वापरू नका. खाऱ्या मासळीवर गुलाबी-तांबडे चट्टे दिसले तर तीही टाका. घरातली मोठी माणसं म्हणतील, "आमच्या वेळी नाही हो असं टाकत." त्यांना उलट बोलू नका, पण जिन्नस ताटात वाढूही नका. टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. तो तुटू नये यासाठीच तर आधीची काळजी.

काकीकडून शिकलेली आणि माझ्या शहरी घरात वापरून पाहिलेली ही काळजी अशी:

१. साठवण मृगाच्या आधी, कडक उन्हाच्या दिवशी करा. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, बोंबील दुपारी उन्हातून उचला. चारनंतर हवा ओलावू लागते.

२. उन्हातून आणलेला गरम जिन्नस लगेच डब्यात कोंबू नका. आतल्या वाफेला झाकणाखाली घाम येतो. परातीत झाकून निववा आणि निवला की त्याच संध्याकाळी भरा. रात्रभर उघडा टाकाल तर दिवसभराचं ऊन फुकट!

३. डबा पत्र्याचा, स्टीलचा किंवा काचेचा, घट्ट झाकणाचा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या गाठीतून वाफ शिरते. डबा शिगोशीग भरा. आत हवा जितकी कमी, तितकं तिच्यातलं पाणी कमी.

४. डबा बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला किंवा थेट फरशीवर ठेवू नका. खाली लाकडी पाट, मागे चार बोटं जागा.

५. मोठा डबा आणि हाताशी लागणारी बरणी वेगळी ठेवा. कोरड्या दुपारी मोठ्या डब्यातून पंधरवड्याचं काढून बरणीत घ्या. रोज उघडायची ती बरणी. सगळ्यांत महत्त्वाचं हेच.

६. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात घालायच्या तर न फाटलेल्याच घाला आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. मिठाच्या बरणीत कोरडे भाजलेले तांदळाचे दाणे टाकले की मीठ मोकळं राहतं.

७. पावसाची उघडीप पडली म्हणून लगेच पापड गच्चीत नेऊ नका. ऊन कोवळं आणि हवा ओली असेल तर पापड वाळण्याऐवजी पाणीच ओढतील. आधी मिठाला बोट लावून पाहा. थोडेच मऊ पडले असतील, बुरशी नसेल, तर मंद तव्यावर शेकून घ्या आणि त्याच दिवशी संपवा.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, सगळं दुकानात बारा महिने मिळतं, एवढा खटाटोप हवाच कशाला?" खरं आहे. पण दुकानातली पुडीही फोडल्या क्षणापासून तुमच्याच घरची हवा खाते. आणि माहेरून आलेला डबा कोणत्याच दुकानात मिळत नाही, हो ना?

आता काकांच्या चिरुटांचं पुढे काय झालं ते सांगून संपवते. पंचवीसच्या पंचवीस गेले. पेटी काकीनं कोरड्या फडक्यानं पुसली, आठ दिवस उन्हात ठेवली, आणि आता तिच्यात तिची शिवणाची रिळं आहेत. कार्याच्या दिवशी व्याह्यांपुढे आला काकीचा पानाचा डबा. पानं ओल्या फडक्यातून काढलेली, टवटवीत. सुपारी कोरडी, खणखणीत. व्याही दोन विडे खाऊन तिसरा खिशात घालून गेले. काका मला हळूच म्हणाले, "डबा काय सुरेख ठेवलाय गं तुझ्या काकीनं!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तिकडे लक्ष गेलं असावं.

तर उद्या सकाळी चहा टाकताना एका वाटीत चमचाभर खडे मीठ घेऊन ओट्यावर ठेवा. पावसाळाभर रोज बोट लावून पाहा आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा. तुमच्या आजी-सासूबाईंची साठवणीची काही युक्ती असेल तर तीही लिहा. पुढच्या पावसाळ्यात ती कुणाच्या तरी डब्याला उपयोगी पडेल.